कागद हरवलेली जुनी दुचाकी इंदूरमध्ये आपल्या नावावर कशी करून घ्यावी

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा जुन्या वस्त्यांत एखादे कुटुंब मुलाकडे पुण्याला कायमचे निघते किंवा वडिलांच्या मागे घर आवरायला काढले जाते, तेव्हा पोर्चमधली जुनी चेतक किंवा ॲक्टिव्हा कोणाला तरी स्वस्तात देऊन टाकतात. कार्बोरेटर साफ केला की गाडी सुरूही होते, पण आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, कुठेच सापडत नाही. मग कोणीतरी सांगते, “चालवा हो तशीच, कोण अडवतंय?” तशी चालवू नका. नोंदणीशिवाय गाडी चालवताना सापडलात तर पहिल्याच वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली पोलीस गाडी ताब्यात घेऊ शकतात, आणि विमा नसेल तर त्याचे २,००० वेगळे. हे सगळे तरी भरून सुटता येते. अपघातात कोणी जखमी झाले तर मात्र प्रकरण वर्षानुवर्षे चालते.

एक गोष्ट पक्की धरून चाला: परिवहन विभागाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी कोणाच्या अंगणात उभी आहे किंवा पैसे कोणी मोजले, याने नोंद बदलत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. गाडी एकापाठोपाठ एक अनेकांना विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच राहिली. त्यामुळे नाव बदलून घेण्याची गरज विकणाऱ्यालाही तुमच्याइतकीच आहे. सही द्यायला टाळाटाळ करणाऱ्या माणसाला हे शांतपणे समजावून सांगा. बहुतेक जण ऐकतात.

याच नियमातून पुढची अडचणही येते. हरवलेल्या आरसीची दुसरी प्रत, म्हणजे डुप्लिकेट आरसी, फक्त नोंदीतला मालक मागू शकतो. खरेदीदार मागू शकत नाही. (वारस आणि अधिकृत विक्रेता यांचे वेगळे मार्ग पुढे आहेत.) म्हणून आधी आकडे तपासायचे, मग मालक शोधायचा, मग कागद करायचे आणि पूर्ण पैसे सर्वांत शेवटी द्यायचे. हा क्रम उलटला की माणूस अडकलाच म्हणून समजा.

गाडीवरचे आकडे वाचा

नंबरप्लेटवर विश्वास ठेवू नका, प्लेट कोणीही रंगवून देतो. खरी ओळख चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचीच. मोटारसायकलवर चेसिस नंबर हँडलच्या मानेपाशी, फ्रेमच्या नळीवर ठोकलेला असतो. चेतक किंवा व्हेस्पाच्या घडणीच्या स्कूटरवर इंजिनाकडच्या बाजूचा पत्रा काढला की आतल्या बॉडीवर दिसतो. इंजिन नंबर इंजिनाच्या ओतीव आवरणावर असतो.

रॉकेल लावलेल्या चिंधीने आणि मऊ ब्रशने माती, ग्रीस काढा. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश घासू नका. अक्षरांच्या कडा गेल्या की तपासणारा इन्स्पेक्टर खाडाखोडीचा संशय घेणारच. जागा कोरडी झाल्यावर पातळ कागद घट्ट धरून मऊ शिसाची पेन्सिल, २बी किंवा त्याहून मऊ, आडवी फिरवा. ठसा उमटेल. दोन्ही नंबरांचे चार-चार ठसे एकदमच घेऊन ठेवा, कारण पुढे प्रत्येक फॉर्मला ते लागतात. जागा अडचणीची असेल तर पेन्सिलीची पूड नंबरावर चोळा, वरून पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि कागदावर चिकटवा.

अलीकडच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरे नसतात. ‘ओ’ वाटले तर ते शून्य आहे आणि ‘आय’ वाटला तर एक. ऑनलाइन शोधात नोंद न सापडण्याचे हे अगदी साधे कारण असते. जुन्या स्कूटरांचे नंबर यापेक्षा लहान असतात, तेव्हा आकडे कमी दिसले म्हणून घाबरू नका.

दोन प्रसंगी मात्र तिथेच थांबा. एक, चेसिस नंबरच्या जागी घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचा डाग किंवा अक्षरांच्या उंचीत फरक दिसला तर. दुसरे, इंजिन नंबर नोंदीशी जुळत नसेल तर. जुन्या स्कूटरींत इंजिन बदललेले सर्रास सापडते. कोण्या मिस्त्रीने भंगारातले अर्धे इंजिन बसवलेले असते. कलम ५२ प्रमाणे अशा बदलाची नोंद व्हावी लागते आणि त्यासाठी बसवलेल्या इंजिनाचे बिल व मूळ कुठले ते दाखवावे लागते. विकणाऱ्याकडे बिल नसेल तर ते इंजिन चोरीच्या गाडीचे नाही, हे तुम्ही कशावर सिद्ध करणार? गंजून पुसट झालेला नंबर स्वतः ठोकून घेण्याचा विचारही करू नका. त्यासाठी आरटीओत अर्ज करून, तपासणी करवून, परवानगी घेऊनच पुन्हा ठोकावा लागतो.

नोंद कुठे आहे, कोणाची आहे

आता एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. मालकाचे नाव काही अक्षरे झाकून दिसते, पण सोबत नोंदणीचे कार्यालय, नोंदणीची तारीख, वैधता कधीपर्यंत, विमा, कर्जाचा बोजा, काळ्या यादीत टाकले आहे का, एनओसी (ना हरकत दाखला) दिलेली आहे का, हे सारे कळते. प्रत्येक गोष्टीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. पाठोपाठ ई-चलान पोर्टलवर दंड थकले आहेत का पाहा. इंदूरच्या चौकांतल्या कॅमेऱ्यांनी काढलेली चलाने मालकाच्या जुन्या मोबाइलवर जात राहतात आणि कोणाला पत्ताच नसतो. शेवटी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेवर नंबर, चेसिस आणि इंजिन टाकून चोरीची नोंद नाही, याची खात्री करून घ्या. चोरीची गाडी जाणूनबुजून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालचा गुन्हा आहे, आणि “मला माहीत नव्हते” म्हणायला हा तपासणीचा कागद हाताशी लागतो.

नोंद सापडलीच नाही तर गाडी बेकायदा आहे असे लगेच समजू नका. संगणक येण्यापूर्वीच्या कितीतरी गाड्या अजून कागदी रजिस्टरांतच आहेत. एमपी ०९ असा नंबर असेल तर इंदूरच्या आरटीओत, नायता मुंडल्याला, लेखी अर्ज देऊन रजिस्टरमधला उतारा मागता येतो. त्यावरून मग पोर्टलवर ‘बॅकलॉग’ नोंद, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची संगणकात भर, करवून घ्यावी लागते, आणि ती झाल्याशिवाय पुढचे एकही ऑनलाइन काम होत नाही. अर्जात गाडीचा नंबर, चेसिस-इंजिनाचे ठसे, जुना विमा, कर पावती, सर्व्हिस बुक असे जे मिळेल ते जोडा. जुन्या विम्याच्या कागदावर दोन्ही नंबर आणि मालकाचे पूर्ण नाव असते. म्हणून घरातल्या जुन्या फायली, देवघरामागचा कोनाडा, सीटखालची पिशवी नीट बघायला सांगा. आरसी नसली तरी विमा पुष्कळदा सापडतो.

जुलै १९८९ पूर्वीचे नंबर आजच्या पद्धतीचे नाहीत, तेव्हा पोर्टलवर त्यांचा शोध वेगवेगळ्या तऱ्हेने, मधली जागा सोडून व न सोडता, घेऊन पाहा. आणखी एक गुंता मध्य प्रदेशातच होतो. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे झाले. त्याआधी रायपूर, दुर्ग, बिलासपूरला नोंदलेल्या गाडीच्या प्लेटवर एमपीच असते, पण तिचे दप्तर आता छत्तीसगडात आहे. अशा गाडीला परराज्यातली समजूनच कामाला लागा.

मालक भेटला, आरसी हरवली आहे

हा सर्वांत सरळ मार्ग. प्रथम मालकाने हरवल्याची पोलिसांत नोंद करायची. ठाण्यात जाऊन किंवा मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक सेवा पोर्टलवर. मजकूर त्रोटक नको. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, आरसी हरवल्याचे कधी लक्षात आले, आणि मुख्य म्हणजे हे वाक्य: आरसी कुठे गहाण ठेवलेली नाही आणि पोलिसांनी, न्यायालयाने किंवा परिवहन विभागाने जप्त केलेली नाही. हाच मजकूर नोटरीसमोरच्या शपथपत्रात जसाच्या तसा आला पाहिजे. दोन कागदांतल्या तारखा जुळल्या नाहीत म्हणून अर्ज परत येतात.

मग फॉर्म २६. हा डुप्लिकेटचा अर्ज शेवटची नोंद जिथे आहे त्याच कार्यालयाकडे जातो. सोबत पोलिसांची नोंद, शपथपत्र, चालू विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. नावावर करून घ्यायला फॉर्म २९, विकल्याची सूचना, दोन प्रतींत, आणि फॉर्म ३०, विकणारा व घेणारा या दोघांचा अर्ज. पॅन नसेल तर त्याऐवजीचे घोषणापत्र. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, राज्याबाहेर ४५ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. पोर्टलवर डुप्लिकेट आणि नाव बदलणे या सेवा एकाच अर्जात निवडता येतात. तसे केल्यास मालकाला एकदाच बोलवावे लागते.

दुचाकीचे केंद्रीय शुल्क फार नाही: डुप्लिकेटला १५० रुपये, नाव बदलायला १५०, स्मार्ट कार्ड असेल तर त्याचे २००. राज्याचे सेवाशुल्क वेगळे. एवढ्या कामाचे कोणी पाच-सहा हजार सांगितले तर कशाकशाचे ते लिहून मागा.

ऑनलाइन अर्ज बहुतेक आधारच्या ओटीपीवर अडतो. विकणाऱ्याच्या आधारशी जोडलेला मोबाइल बंद असतो, किंवा आरसीवरचे नाव आणि आधारवरचे नाव वेगळे असते. मोबाइलचे काम आधार केंद्रात आधीच करून घ्या. नावाचा प्रश्न मराठी घरांत जास्त अवघड होतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर.

आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव एकत्र लिहिण्याची पद्धत. मध्य प्रदेशाच्या आरसीवर वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात येते. त्यामुळे आधारवर तीन शब्द आणि आरसीवर दोनच, असे होते. कुलकर्णी कुठे कुळकर्णी झालेले असते, इंग्रजी स्पेलिंग तर दर कागदावर निराळे. एवढा फरक असेल तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे शपथपत्र आणि दोन्ही नावे दिसणारा एखादा जुना कागद, शाळा सोडल्याचा दाखला किंवा बँक पासबुक, पुरतो. पण लग्नात मुलीचे नावच बदलण्याची रीत ज्या घरात पाळली गेली, तिथे स्कूटर माहेरच्या नावावर आणि आधारवर नाव, मधले नाव, आडनाव तिन्ही नवीन. केवळ शपथपत्राने हे सुटत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी जोडा, आणि हा अर्ज ऑनलाइनच्या भरवशावर न ठेवता कार्यालयात बाईंना स्वतः उभे राहू द्या. हे प्रमाणपत्र नसेल तर ते काढायला वेळ लागतो, म्हणून सौदा ठरायच्या आधीच विचारा.

मालक हयात नाही

सर्वांत जास्त चुकीचे सल्ले इथेच मिळतात. “काकांच्या सहीचा जुना फॉर्म आहे, मागची तारीख टाकू” असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. मृत्यूनंतरची तारीख असो वा मागची, ती बनावट सही ठरते, आणि फॉर्मवर घेणारा म्हणून सही तुमची असते.

योग्य मार्ग दोन टप्प्यांचा. आधी गाडी वारसाच्या नावावर, मग वारसाकडून तुमच्या. पहिल्या टप्प्याला फॉर्म ३१. वारसाने मृत्यूची माहिती ३० दिवसांत द्यायची आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा, असा केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ आहे. उशीर झाला तरी काम थांबत नाही, भुर्दंड पडतो. आरसीत नॉमिनी लिहिलेला असेल तर काम सोपे. ही सोय २०२१ पासून नियमात आली, त्यामुळे जुन्या गाड्यांत बहुधा नसतेच.

नॉमिनी नसेल तर मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या सर्व वारसांची नाहरकत लागते. सर्व म्हणजे कोण, यावर घरोघरी गोंधळ होतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गात पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. लग्न होऊन नागपूरला गेलेली मुलगी वारस आहेच. गेलेल्या मालकाची म्हातारी आई हयात असेल तर तीही. “ताईला कशाला विचारायचे, स्कूटर तर आहे” म्हणून तिला वगळले आणि पुढे कुणी हरकत घेतली, तर नोंद रद्द करण्यापर्यंत गोष्ट जाते. ताईंना फोन करा, शपथपत्राचा मसुदा पाठवा, त्यांच्या गावच्या नोटरीसमोर सही होऊन टपालाने येऊ द्या. परदेशातल्या वारसाची सही तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावी लागते. घरात वाद असेल तर मात्र न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आरसीवर कर्जाचा बोजा

कर्ज कधीच फिटलेले असते, पण नोंदीवर बँकेचे नाव तसेच असते. बँकेची एनओसी आणि बँकेने सही-शिक्का केलेला फॉर्म ३५ लागतो. एनओसीवर मुदत छापलेली असते, ती उलटली तर नवी मागा.

इंदूरमध्ये नेहमीचा प्रश्न स्टेट बँक ऑफ इंदूरचा. ती बँक २०१० मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, आणि नोंदीत अजून जुने नाव असलेल्या गाड्या सापडतात. अशा वेळी कर्ज ज्या शाखेचे, तिचे दप्तर सांभाळणाऱ्या स्टेट बँकेच्या शाखेत जा, कर्ज खात्याचा क्रमांक किंवा गाडीचा नंबर द्या आणि पत्रात ‘पूर्वीची स्टेट बँक ऑफ इंदूर’ असा स्पष्ट उल्लेख करवून घ्या. तो उल्लेख नसला की आरटीओचा बाबू दोन नावे जुळत नाहीत म्हणून परत पाठवतो. फायनान्स कंपनी दुसरीत विलीन झाली असेल तर तिच्या विलीनीकरणाच्या आदेशाची प्रतही मागा.

मधले खरेदीदार

गाडी तुमच्याकडे येईपर्यंत दोन-तीन हात फिरलेली असते आणि सोबत कोऱ्या सह्या केलेले २९-३० येतात. मधल्या माणसांची नोंदीत काही जागा नाही. नाव बदलते ते नोंदीतल्या मालकाकडून थेट तुमच्याकडे. कोरा सही केलेला फॉर्म आधारच्या ओटीपीपुढे कामाचा नाही. मालकाला प्रत्यक्ष गाठावेच लागते. पत्ता जुन्या विम्यावर किंवा नोंदीच्या उताऱ्यावर मिळतो. मालक तिथे राहत नसेल तर गल्लीतल्या किराणा दुकानात, मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीदारांत विचारा. इंदूरच्या मराठी वस्त्यांत कोण कुठे गेले याची माहिती सहसा दुसऱ्या-तिसऱ्या घरात निघते. मधल्या प्रत्येक विक्रेत्याकडून मात्र साधी पावती घ्या: कोणाकडून घेतली, कधी, किती रुपयांना, आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत.

वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत त्याला अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना मूळ मालक पोर्टलवर देतो. अशी सूचना झालेली असेल तर विक्रेता स्वतःच डुप्लिकेटचा, नूतनीकरणाचा अर्ज करू शकतो. हा मोठा फायदा आहे. म्हणून दुकानदाराला अधिकारपत्र आहे का, हा पहिला प्रश्न विचारा.

पुण्या-जळगावहून आणलेली गाडी

एमएच नंबरची गाडी इंदूरला आणायची तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. कर थकलेला नसावा, चलाने भरलेली असावीत, कर्जाचा बोजा उतरलेला असावा, चेसिसचा ठसा जोडलेला असावा. आरसी हरवली असेल तर डुप्लिकेटही तिथूनच. नंतर इंदूरहून ते करता येत नाही, आणि इथे येऊन पस्तावलेले लोक मग परत पुण्याच्या खेपा घालतात. एनओसी देणे किंवा कारण लिहून नाकारणे कार्यालयाने ३० दिवसांत करायचे असते. तसे न झाल्यास ती दिली असे मानले जाते, असे कलम ४८ सांगते. तरी हातात कागद असलेलाच बरा.

इंदूरला आल्यावर फॉर्म २७ ने एमपी ०९ चा नवा नंबर, सोबत २९-३० आणि मध्य प्रदेशाचा कर. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर नवा नंबर घ्यावाच लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मिळू शकतो, पण तो मागायचा ज्याने भरला त्याने. सौदा करतानाच याची बोलणी व्हावीत.

पंधरा वर्षे उलटलेली नोंद

खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर वेळी ५ वर्षे. नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि गाडी प्रत्यक्ष दाखवणे. दुचाकीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये. वीस वर्षांहून जुनी असेल तर २०२५ च्या बदलानंतर २,०००. खरा भार उशिराचा आहे: महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला ३०० रुपये. नोंदणी संपून ३० महिने झाले असतील तर ९,००० रुपये तेवढेच, आणि गाडी कदाचित १२,००० ला ठरलेली. म्हणून किंमत बोलण्याआधी कागदावर मांडा: उशिराचे महिने गुणिले ३००, अधिक नूतनीकरण, अधिक डुप्लिकेट, नाव बदल, विमा, पीयूसी, हाय सिक्युरिटी प्लेट आणि टायर-ब्रेकची दुरुस्ती. तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक, आरसे, नंबरप्लेट पाहतात. नोंदणी संपलेली गाडी नायता मुंडल्यापर्यंत चालवत नेऊ नका, छोट्या टेम्पोत घालून न्या.

पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली लॅम्ब्रेटा, व्हेस्पा असेल तर व्हिंटेज नोंदणीचा वेगळा मार्ग २०२१ पासून आहे. तिचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि रोजच्या वापराला ती चालत नाही. हौस आणि जपणूक यांच्यासाठीच तो मार्ग घ्यावा.

पैसे, ताबा, विमा

थोडी विसार रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्या, रोख नको. करारपत्रात दोन्ही नंबर, ठरलेली किंमत, आरसी हरवली असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि ‘ठराविक मुदतीत नाव न बदलल्यास विसार परत’ ही अट घाला. उरलेली रक्कम पोर्टलवर तुमचे नाव दिसल्यावर. ताबा घेताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. वेळ का, तर त्याच दिवशीचे चलान कोणाचे, हा वाद होतो.

नाव बदलले की विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला विमा कंपनीला कळवा. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण कायद्याने पुढे चालते, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाव न बदलल्यास अडतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत, जुन्या मालकाबरोबर जाते, हप्ता थोडा वाढेल. नवी आरसी डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवा, तीही मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे.

जिथे मार्ग नाही

मालक कुठेच सापडत नाही, वारस कोण ते कळत नाही. अशा वेळी शेवटच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि परत आलेले पाकीट न फोडता जपा. वृत्तपत्रात जाहीर सूचना द्या. मग वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून मागता येते. दुर्मीळ गाडीसाठी ते करावे. साध्या ॲक्टिव्हासाठी वकिलाची फीच गाडीहून महाग होईल. पोलीस किंवा बँक यांच्या लिलावातली गाडी घेणे याहून सुरक्षित, कारण तिथे लिलावाचा दाखला आणि फॉर्म ३२ वर नाव चढते, जुन्या मालकाची सही लागत नाही. कर्ज थकल्याने बँकेने उचललेल्या गाडीची नवी आरसी बँक फॉर्म ३६ ने स्वतःच्या नावे काढून मग विकते. ती निघाली आहे का, एवढेच बघा.

नंबर नाही, चेसिस नोंदीत नाही, विकणारा ओळखपत्र दाखवत नाही, अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, सुट्या भागांसाठीही नाही. त्या इंजिनाचा नंबर उद्या तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीवर निघेल. आधीच घेऊन बसला असाल तर तिचे भाग विकू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात कोणाकडून, कधी, किती रुपयांना घेतली ते लिहून द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.